वेल्डरबाईचा काळा चष्मा

त्या घरातली खिडकी कधी उघडायची हे सूर्य ठरवत नव्हता, सासूबाईंचा काळा चष्मा ठरवत होता. चष्मा धड असेल तर खिडकी उघडी. त्यावर तेलकट बोट उमटलं, वाफ बसली, ओरखडा पडला, की तिरपा उजेड सासूबाईंच्या डोळ्यांत सुयांसारखा घुसायचा आणि खुर्चीतून हाक यायची, "बॉबिन, लाव ती खिडकी!"

खिडकी लागली की शिलाई मशीन मुकं. मशीन त्याच खिडकीखाली होतं आणि त्या घराला दुसरी खिडकी नव्हती. ट्यूब लावावी म्हटलं तर तिचा थरथरता पांढरा उजेड सासूबाईंना उन्हापेक्षा वाईट लागायचा. उरला स्वयंपाकघरातला पिवळा दिवा. त्याच्या उजेडात भाजी निवडता येते, पण गडद निळ्या कापडावर गडद निळ्या दोऱ्याची शिवण कुणाच्या बापाला घालता येत नाही.

बॉबिन म्हणजे त्या घरातली सून. हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. लग्न होऊन आली तेव्हा बारीक चणीची, सतत गरगर फिरणारी. सासूबाईंनी तिच्या मशीनमधली बॉबिन दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली होती. "ही बघा हिची बहीण. दिसायला एवढीशी, पोटात दोरा मैलभर." सगळे हसले, तीही हसली. पुढं नवरा तेच म्हणायला लागला, शेजारीपाजारी तेच म्हणायला लागले, आणि तिचं खरं नाव कपाटातल्या चांगल्या कपड्यासारखं घडी घालून राहिलं.

सासूबाईंना मात्र गल्लीत एकच नाव होतं, वेल्डरबाई. नवरा गेला तेव्हा त्याचं कोपऱ्यावरचं वेल्डिंगचं दुकान घ्यायला दीर टपून बसला होता. "बाईमाणसाचं काम नाही हे," म्हणाला. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करून बसली. "लोखंडाला कुठं कळतंय मी बाई आहे ते," म्हणाली, आणि दिराकडंच त्याच्या गेटाचे उरलेले पैसे मागितले. दीर परत त्या वाटेनं फिरकला नाही. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे तिच्या हातचे. मुलाला तिनं त्यावरच वाढवलं.

चूक एकच केली, आणि ती रोज केली. लोखंडाला लांब शिवण घालायची असली की काळी काच तोंडापुढं धरायची, पण नुसता टाका मारायचा असला की काच बाजूला ठेवायची. "एवढ्याशा टाक्याला काच कोण धरतं? डोळे मिटायचे, ठिणगी पाडायची, उघडायचे." असे टाके किती मारले याचा हिशेब डोळ्यांनी ठेवला. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या, सकाळी पुन्हा शटर वर. उतारवयात डोळ्यांनी सगळं व्याजासकट मागितलं. डॉक्टर म्हणाले, दिसेल, पण पुसट दिसेल. आणि उजेड सोसणार नाही, बाहेरही नाही आणि घरातही नाही. त्यांनी खास गडद तपकिरी भिंगांचा, दोन्ही बाजूंना झापडं असलेला चष्मा लिहून दिला. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतो, त्यानं तो परगावच्या मोठ्या दुकानातून बनवून आणला आणि बायकोच्या हातात देऊन सांगितलं, "हा जप. दुसरा आता मी पुढच्या खेपेला येईन तेव्हाच. तोवर हाच आईचा डोळा."

काळा चष्मा ज्यांनी केसांत खोचून मिरवण्यापुरता वापरला, त्यांना यातलं ओझं कळायचं नाही. आईचा डोळा बायकोच्या हातात देऊन नवरा ट्रेलरवर चढला. बायको राहिली खिडकीपाशी.

आणि खिडकीचं बॉबिनला एवढं काय होतं? तिचं काम होतं. दोन गल्ल्या सोडून शाळेच्या गणवेशांचा एक लहान कारखाना होता. तो चालवणारी युनिफॉर्मवाली बाई बॉबिनला कापलेल्या कापडाचे गठ्ठे घरी पाठवायची आणि शिवून झालेले घेऊन जायची. घरातली बाकी सगळी कामं बॉबिन दुसऱ्यांसाठी करायची आणि ती संध्याकाळपर्यंत पुसली जायची: भांडी पुन्हा खरकटी, फरशी पुन्हा मळकी. शिवलेली कॉलर मात्र शिवलेलीच राहते. रस्त्यानं पोरं शाळेला निघाली की ती खिडकीतून पाहायची आणि मनात म्हणायची, ही माझी, ही माझी नाही, ही माझी. एवढीच तिची दुनिया खिडकीबाहेर होती.

चष्मा पुसायला ती सुरुवातीला चुकलीच. ओढणीचं टोक घ्यायचं, 'हा' करून तोंडाची वाफ सोडायची आणि कोरडंच घासायचं. सगळे तसंच करतात. महिन्याभरात भिंगांवर बारीक रेघा दिसायला लागल्या. ती चष्मा घेऊन बाजारातल्या चष्मेवाल्याकडं गेली.

चष्मेवाल्यानं चष्मा उजेडात तिरपा धरला. "ओढणी?"

"हो."

"सगळ्या बायका ओढणी आणि सगळे पुरुष शर्ट. अहो, भिंगावर धूळ असते. कोरडं पुसलं की ती धूळच भिंगावर घासता तुम्ही. आधी नळाखाली धरायचा. कोमट नाही, गरम तर नाहीच, साधं पाणी. धूळ वाहून जाऊ द्यायची. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटांच्या टोकांनी हलका हात. नाकावर बसतात त्या गाद्या, काड्यांचे सांधे, सगळा घामाचा मळ तिथं असतो. पुन्हा पाणी. झटकायचा. आणि हे घ्या फडकं, याच्याशिवाय दुसऱ्या कशानं टिपायचं नाही. टिपायचं, घासायचं नाही."

"आणि फडकं?"

"तेही धुवायचं. मळकं फडकं ओढणीपेक्षा वाईट. ठेवताना भिंगं वर करून ठेवायचा, कडक डबीत. शेगडीजवळ नाही, उन्हात नाही. काढताना दोन्ही हातांनी काढायला सांगा, एका हातानं ओढला की काड्या फाकतात."

शेवटचं सांगणं सगळ्यात कठीण होतं. सासूबाईंना काही सांगणं म्हणजे पेटत्या विस्तवाला कसं पेटायचं ते शिकवणं. तरी बॉबिननं सांगितलं.

"दोन हातांनी?" सासूबाई म्हणाल्या. "आता नाक खाजवायलाही दोन हात लावते. चालेल तुला?"

पण त्या दिवसापासून बॉबिनचा हात बसला. सकाळी सासूबाई अजून डोळे मिटून अंथरुणात असायच्या तेव्हाच ती चष्मा न्हाऊ घालायची. नळाची धार बारीक करायची, भिंग धारेखाली आडवं धरायचं, साबणाचा थेंब करंगळीवर घ्यायचा. सांध्यातला मळ काढायला दात घासायचा जुना मऊ ब्रश, तो फक्त सांध्यांना, भिंगाला कधीच नाही. सैल झालेला स्क्रू ती मशीनच्या बारीक पेचकसानं आवळायची. मशीनलासुद्धा ती एवढं तेलपाणी करत नव्हती. एकदा शेजारीण दारातून बघत म्हणाली, "बाई गं, तान्ह्या पोराला अंघोळ घालतेस का काय?"

"तान्हं पोर मोठं तरी होतं," बॉबिन म्हणाली.

काही दिवस बरे गेले. खिडकी सकाळपासून दुपारपर्यंत उघडी, मशीन खडखडत, सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाजावरून ओळखत आणि टोमणे मारत. "कोण, दूधवाला? आज दुधात पाणी घातलंस की पाण्यात दूध?" दूधवाला हसायचा. बॉबिनही मशीनवर वाकून हसायची. घर घरासारखं वाटायचं.

मग भिंगं धूसर व्हायला लागली.

नव्या रेघा नव्हत्या. रेघ ओळखता येते, रेघेला सुरुवात असते, शेवट असतो. हे वेगळंच होतं. भिंगावर धुकं उतरावं तसं, मधोमध जास्त, कडांना कमी. धुतलं तरी तेच. साबण बदलला तरी तेच. पाण्यात क्षार असतील म्हणून तिनं उकळून गार केलेलं पाणी वापरलं. फडकं नवं आणलं. आणि रोज सकाळी सासूबाई चष्मा चढवून खुर्चीत बसल्या की खिडकीकडं तोंड वळवायच्या, कपाळाला आठ्या घालायच्या, "लाव ती खिडकी! काय पुसलंस का नुसतं चाटलंस?"

"आई, मी नीट धुतलाय."

"मग माझ्या डोळ्यांत काय जातंय, तुझं नीट?"

खिडकी लागायची. बॉबिन अंधारात कापड मांडीवर घेऊन बसायची. शिवण बोटांनी चाचपत हातानं काज करता येतात का ते बघायची. दोन काज वेडेवाकडे व्हायचे, तिसऱ्याला सुई बोटात. बाहेर लख्ख दिवस असायचा. खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून एक उभी चकाकती रेघ आत यायची आणि फरशीवरून हळूहळू सरकायची. ती रेघ कापडावर येईल तेवढा वेळ बॉबिन तिच्यात शिवायची. रेघ सरकली की आपणही बसल्या जागी सरकायची. भिंत आली की संपलं.

"काय खुडबुड चाललीय?" खुर्चीतून.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बसलेय."

"बस. मी पण बसलेच आहे. मी कुठं नाचतेय?"

नवऱ्याचा फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे. त्यानं आधी आईशी बोलून घेतलं, मग हिच्याशी. "काय गं, आई म्हणते चष्म्याची वाट लावलीस?"

"मी नाही लावली."

"मग कुणी, मांजरानं? बॉबिन, एक वस्तू सांभाळायला दिली होती. एक."

एक वस्तू, एक खिडकी, एक म्हातारी, आणि त्या तिघांमध्ये अडकलेली एक बाई. ती म्हणाली, "तुम्ही कधी येताय?" तो म्हणाला, "खेप लांबली." फोन ठेवला.

त्या दिवसापासून बॉबिनचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. तिनं नखं मुळापर्यंत कापली. अंगठी काढून डब्यात टाकली, म्हटलं तिचा कोपरा लागत असेल. सुईनं खरखरीत झालेल्या बोटांच्या टोकांना ती रात्री तेल चोळायची आणि सकाळी ते तेल जाईपर्यंत पुन्हा साबणानं धुवायची. धुताना श्वाससुद्धा रोखून धरायची. तरी धुकं वाढतच होतं.

युनिफॉर्मवाली स्वतः आली. धिप्पाड बाई, गळ्यात मोजायची टेप. दारातूनच आत डोकावली. "अगं, ही खोली आहे का भुयार?"

"कोण ते?" सासूबाई.

"मी, युनिफॉर्मवाली."

"मग कपडे मोज, खोली नको मोजूस."

युनिफॉर्मवालीनं हसून सोडलं, पण बॉबिनला बाजूला घेतलं. "गठ्ठा तसाच बांधलेला दिसतोय. मागच्या वेळीही उशीर झाला, मी सांभाळून घेतलं. आता शाळा उघडायला आल्या. मला पोरांना उघडं पाठवता येत नाही. हे बघ, कारखान्यात खिडकीकडचं एक मशीन रिकामं आहे. तू येऊन बस. घरी जमत नसेल आणि तिथंही येणार नसशील तर तुझं काम मी दुसरीला देते, राग मानू नकोस."

"यांना एकटं कसं सोडू?"

"ते तुझं तू बघ. मी परवा सकाळी माणूस पाठवते. गठ्ठा शिवलेला असेल तर शिवलेला नेईल, नाहीतर तसाच उचलेल."

म्हणजे सासूबाईंना सोडून जायचं नसेल तर दोनच वाटा होत्या. खिडकी उघडायची, नाहीतर काम गेलं. आणि एकदा गेलेलं काम गल्लीत परत विचारायला येत नाही.

बॉबिननं सासूबाई झोपल्याचं बघून चष्मा डबीत घातला आणि धावत बाजारात गेली. चष्मेवाल्यानं भिंग उजेडात फिरवलं, मग कापडावर ठेवून वाकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला आपली फजिती दिसेल असं वाटलं होतं. तो गोंधळलेला दिसला.

"हे पुसून झालेलं नाही," तो म्हणाला. "वरचा थरच गेलाय. कुणीतरी हे घासलंय. मन लावून, गोल गोल. असं तर आम्ही मुद्दाम करायचं म्हटलं तरी वेळ लागेल."

"घासलंय?"

"घासलंय. घरात कुणी लहान पोर आहे?"

घरात लहान पोर नव्हतं. घरात दोनच माणसं होती, आणि त्यातली एक मी, हे बॉबिनला परत येताना वाटभर ऐकू येत राहिलं. मुद्दाम! म्हातारी मुद्दाम करते. मी मशीनवर बसू नये म्हणून, माझ्याकडं बाहेरच्या बायका येऊ नयेत म्हणून, मी चोवीस तास तिच्या हाकेत राहावं म्हणून. आणि वर मलाच शिव्या. लेकाच्या कानात मलाच घालते. कडेवर घेतलं तर खांद्यावर बसणारी ही जात!

सासूबाई अजून झोपलेल्याच होत्या. बॉबिननं चष्मा त्यांच्या उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर "दळण घेऊन येते" असं सांगून ती पिशवी उचलून बाहेर पडली. गिरणीपर्यंत गेलीच नाही. गल्लीच्या वळणावर थोडी थांबली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी परतली. दार लोटलेलं होतं. तिनं ते हातभर ढकललं.

सासूबाई फरशीवर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. डोळे घट्ट मिटलेले. मांडीवर फडकं, फडक्यावर चष्मा. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली करड्या कागदाचा बोटभर तुकडा. तो कागद भिंगावर गोल गोल फिरत होता, सावकाश, एका लयीत. मग कागद थांबायचा आणि तर्जनीचं टोक भिंगावरून फिरायचं. जाणतं बोट होतं ते. लोखंडी गेटाची सांधलेली जागा तपासावी तसं तपासत होतं. पुन्हा कागद. ओठ हलत होते, स्वतःशीच काहीतरी पुटपुटणं चाललं होतं.

बॉबिननं ओळखला तो कागद. झिरो नंबरचा पॉलिश पेपर. सासऱ्यांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत त्याची अख्खी गुंडाळी होती.

"आई!"

सासूबाई दचकल्या. कागद मुठीत गेला. पण त्याचं टोक मुठीबाहेर राहिलं.

"दळण झालं एवढ्यात?"

"द्या तो इकडं."

"काय?"

"चष्मा द्या. कागद पण द्या."

सासूबाईंनी चष्मा दिला नाही, उलट पुढं धरला, अभिमानानं. "बोट फिरवून बघ. बघ की! कसा लागतोय? काचेवर माशी बसली तर घसरेल."

बॉबिननं बोट फिरवलं. खरंच गुळगुळीत होता. मग तिनं चष्मा दाराच्या फटीतल्या उजेडासमोर धरला. पलीकडची गल्ली दिसेना. फक्त दुधाळ उजेड, सगळीकडून फुटलेला. त्या उजेडाच्या सुया तिला स्वतःच्या डोळ्यांत टोचल्यासारख्या झाल्या.

"कधीपासून?"

सासूबाई मांडीवरचं फडकं झटकायला लागल्या.

"मी विचारतेय, कधीपासून?"

"माझ्या हातून पडला एकदा. खुर्चीवरून. ओरखडा पडला, बोटाला लागायचा. म्हटलं काढून टाकू. लोखंडावरचा ओरखडा कसा काढतात? आधी जाड कागद, मग बारीक, मग झिरो. मी सरळ झिरोच घेतला, काळजी घेऊन. ओरखडा गेला. पण दिसायला बरं वाटेना, म्हटलं अजून उरलाय कुठंतरी. म्हणून रोज, तू घराबाहेर पडलीस की..."

"आई, हे लोखंड नाही!"

"लोखंड असतं तर ऐकलं असतं माझं."

बॉबिन हसली असती एरवी. आज नाही. "आणि रोज सकाळी मला शिव्या? मी नखं कापली मुळापासून. अंगठी काढून टाकली. तुमच्या लेकानं मला विचारलं, मांजरानं केलं का म्हणून. तुम्ही बसल्या होतात शेजारी. ऐकत होतात!"

"हो."

"एक शब्द बोलला नाहीत."

"काय बोलू? आयुष्यभर गेटं चकचकीत केली आणि आता दोन बोटांचं भिंग मला साफ करता येत नाही, असं सांगू? तुला?" सासूबाईंचे मिटलेले डोळे पाझरायला लागले होते; रडण्यानं की उजेडानं ते कळत नव्हतं. "तुला काय, तू म्हणाली असतीस, 'राहू द्या आई, तुम्हाला नाही जमायचं.' गोड आवाजात म्हणाली असतीस. त्यापेक्षा शिवी बरी."

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं, असं बॉबिनला त्या क्षणी वाटलं. मुद्दाम करणाऱ्याशी भांडता येतं. दार आपटून जाता येतं. पण ही म्हातारी स्वतःच्याच कैदखान्याची भिंत रोज थोडी थोडी पॉलिश करत होती, आणि त्याच भिंतीच्या आत सूनही होती. आता राग कुणाच्या डोक्यावर फोडायचा?

पण राग होता, आणि परवा म्हणता म्हणता उद्यावर आला होता. बांधलेला गठ्ठा मशीनवर तसाच.

"आता दुसरा चष्मा येईपर्यंत ही खिडकी बंदच राहणार," ती म्हणाली.

"राहणार."

"मग मी उद्यापासून कारखान्यात जाणार. तिथं मशीन रिकामं आहे."

"जा की. कुणी धरलंय?"

"तुम्हीच धरलंय."

सासूबाई भिंतीला हात लावून उठल्या, चाचपत खुर्चीपाशी गेल्या, बसल्या.

सकाळी बॉबिननं चष्मा धुतला नाही. धुवून उपयोग नव्हता. तिनं स्वयंपाक झाकून ठेवला, कुठल्या भांड्यात काय ते सासूबाईंचा हात धरून दाखवलं, शेजारणीला सांगितलं. सासूबाई डोळ्यांवर काळं फडकं बांधून खुर्चीत बसल्या होत्या. युनिफॉर्मवालीचा माणूस यायच्या आधीच गठ्ठा काखेत घेऊन बॉबिन दारात आली तेव्हा मागून आवाज आला.

"कुलूप लाव बाहेरून."

"काय?"

"बाहेरून कुलूप लाव आणि किल्ली घेऊन जा."

"अहो, असं माणसाला कोंडून कसं जाऊ? काही झालं तर?"

"शेजारणीला दे दुसरी किल्ली. पण कुलूप लाव. दारात कोण आलं ते मला दिसायचं नाही, आणि मला दिसत नाही हे त्यांना दिसायला नको. मी आवाज द्यायची नाही कुणाला. म्हणू देत, वेल्डरबाई बाहेर गेलीय."

"आई..."

"लावतेस, का आतून कडी मीच लावू?"

बॉबिननं कुलूप लावलं. किल्ली फिरायला वेळ लागला. दुसरी किल्ली शेजारणीच्या हातात देताना शेजारीण तिच्याकडं असं बघत होती, जणू बॉबिननं म्हातारीला पेटीत घालून वर झाकण ठोकलंय. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर होणार हे बॉबिनला माहीत होतं. लोकांना सांगायला काय, सुनेनं सासूला कोंडलं. सासूनं स्वतःला आणि सुनेला कधीपासून कोंडून घेतलं होतं, ते सांगायला कुणी दारात उभं राहणार नव्हतं.

कारखान्यात खिडकीकडच्या मशीनवर ऊन पडलं होतं. इतकं ऊन की बॉबिनचे डोळे मिटले, पाणी आलं. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय गं, नवी नवरी आल्यासारखी रडतेस?" सगळ्या हसल्या. बॉबिननं डोळे पुसले आणि मशीनवर बसली. दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला गेला. पायाखाली चाक फिरलं, शिवण सरळ निघाली, निळ्यावर निळी, आणि तिला दिसत होती, एकेक टाका दिसत होता. किती दिवसांनी!

पण दर थोड्या वेळानं तिचा पाय आपोआप थांबायचा. हाक आली असं वाटायचं. कान उभे करून ती ऐकायची. कैचीचा आवाज, इस्त्रीची वाफ, बायकांची बडबड. हाक कुठली? मग पुन्हा चाक.

दुपारच्या सुट्टीत बाकीच्या डबे घेऊन पायरीवर बसल्या. बॉबिन उठून चालायला लागली. दोन गल्ल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. इथून दार दिसत होतं. दारावर कुलूप. बंद खिडकी. किल्ली तिच्या मुठीत गरम झालेली. दूधवाला दारासमोरून सायकल ढकलत चालला होता. त्यानं कुलपाकडं पाहिलं, घंटी वाजवली, थांबला. आत नक्की ऐकू आली असणार ती घंटी. आतून टोमणा आला नाही. तो निघून गेला.

जावं का? दार उघडावं, पाच मिनिटं बसावं, यावं परत. पण बॉबिन स्वतःला ओळखून होती. आत गेली की सासूबाई म्हणणार, "जा, जा," आणि ते "जा" असं म्हणणार की पाय उचलणार नाहीत. आज आत गेली तर गठ्ठा अर्धाच राहील. उद्या दारातूनच परतेल. मग खिडकीच्या फटीतली ती एक रेघ, आणि तिच्यामागून सरकणारी ती.

ती तशीच वळली. डबा न उघडता मशीनवर बसली. युनिफॉर्मवालीनं तिच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हात आहे बाई तुला." एरवी हे वाक्य तिनं घरी जाऊन दहादा आठवलं असतं. आज तिनं मान हलवली.

संध्याकाळी कुलूप उघडताना तिला धाप लागली होती. आत अंधार. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, दाराकडं तोंड करून, डोळ्यांवरचं फडकं तसंच. सकाळी बसल्या होत्या त्याच जागी. झाकलेलं अन्न अर्धं खाल्लेलं होतं. वाटी फरशीवर एका बाजूला कलंडलेली.

"कोण?"

"मीच."

"शिवलंस?"

"हो. अर्ध्याच्या वर."

"सरळ?"

"सरळ."

बॉबिन दारातच उभी होती. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून तिनं खांदे आवळून घेतले होते. सासूबाईंनी ओठांवरून जीभ फिरवली. ओठ कोरडे पडले होते.

"उद्या जाताना पाणी हाताशी ठेव," त्या म्हणाल्या. "आज विसरलीस."